व्हिसाची रांग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे. अमेरिकेला इंजिनिअर हवेत, मग ग्रीन कार्डासाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, एवढी अडवणूक का? (वाचक, पुणे)

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००. त्यातच जोडीदार आणि मुलंही मोजली जातात. शिवाय कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांची मर्यादा. आइसलंडला जी, तीच भारताला. एकाच देशाने सगळा कोटा खाऊ नये हा हेतू, आणि तो मला गैर वाटत नाही. पण भारतातले अर्जदार जास्त, म्हणून त्यांची रांग लांब. त्याचा फटका कसा बसतो पाहा. दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे अमेरिकी सरकारचं रांगेचं पत्रक, उघडायचं, रांग आपल्या प्रायॉरिटी डेटपर्यंत, म्हणजे रांगेत नंबर लागल्याच्या तारखेपर्यंत, सरकली का बघायचं. कधी पत्रकातली तारीख उलट मागेच जाते. मध्येच नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. तिथेच शाळेत वाढलेली मुलं एकविशी ओलांडली की साधारणपणे आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. असा माणूस नोकरी बदलायला, स्वतःची कंपनी काढायला कचरतो आणि त्याच्या साहेबाला ते पक्कं ठाऊक असतं. पगार दाबून ठेवायला आणखी काय हवं? त्याची झळ मग शेजारच्या टेबलावरच्या अमेरिकन माणसालाही लागते.

प्रश्न : कॅनडाने विद्यार्थ्यांवर मर्यादा घातली, हे चूकच ना? (वाचक, नाशिक)

मला नाही वाटत. घरं अपुरी, भाडी भडकलेली. तळघरातल्या एका खोलीत चारचार मुलं राहत होती. जानेवारी २०२४मध्ये सरकारने त्या वर्षासाठी सुमारे ३,६०,००० नव्या स्टडी परमिटची मर्यादा जाहीर केली. राहण्याच्या खर्चासाठी खात्यात दाखवायची रक्कमही १०,००० डॉलरवरून २०,६३५ वर नेली. पुढे टोरांटो, व्हँकुव्हरमधली भाडी उतरली.

दुसरी बाजू कॉलेजांची. ओंटारिओने स्थानिक मुलांची फी २०१९मध्ये दहा टक्क्यांनी कमी करून तिथेच गोठवली होती. ती तूट कॉलेजं परदेशी मुलांच्या फीतून भरून काढत होती. ती मुलं घटताच अभ्यासक्रम बंद पडले, नोकऱ्या गेल्या. खरा दोष अचानक ब्रेक मारण्याचा आहे. आधी वर्षानुवर्षं मोकळं रान का दिलं, हे कुणी विचारत नाही.

प्रश्न : दारच बंद केलं तर बाहेरून येणारे कमी होतील ना? (वाचक, कोल्हापूर)

पश्चिम जर्मनीने ते करून पाहिलंय. १९६१पासून तुर्की कामगार करारावर बोलावले, १९७३मध्ये तेलसंकट आल्यावर भरती थांबवली. तोवर बरेच जण कमावून परत जात. आता गेलो तर पुन्हा येता येणार नाही म्हटल्यावर अनेक जण तिथेच थांबले आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. त्याच जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने २०२४मध्ये कुशल मनुष्यबळासाठी महाराष्ट्राशी करार केला.

प्रश्न : एजंट म्हणतो, ‘आखातात व्हिजिट व्हिसावर जा, वर्क व्हिसा तिथे करून देतो.’ दीड लाख मागतोय. (वाचक, रत्नागिरी)

देऊ नका. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि जीएसटी, एवढंच घेता येतं. त्याचा परवाना क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासा. व्हिजिट व्हिसावर काम करताना पकडलं गेलात तर दंड तुम्हाला होतो. पैसे दिले असतील तर पावती, चॅट, बँकेचा तपशील घेऊन मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या (परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा सरकारी अधिकारी) कार्यालयात लेखी तक्रार करा.