चहा-कॉफी आणि टेन्शनवरच दिवस ढकलतोय, आधीसारखी एनर्जी परत कशी येईल?

तुम्ही लिहिलंय की दिवसाला सहा-सात कप होतात, डेडलाइन डोक्यावर आल्याशिवाय अंगात जोर येत नाही आणि सुट्टीच्या दिवशी नुसतं पडून राहावंसं वाटतं. माझं सेम झालं होतं. सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करत होते, अभ्यासिकेतून दर दोन तासांनी अमृततुल्यवर चक्कर, रात्री वरून इन्स्टंट कॉफी. मेन्स संपली आणि अशी गळून गेले की केस विंचरायचं पण जिवावर यायचं.

मी पहिल्यांदा चहा एकदम बंद केला, ते तुम्ही करू नका. दुसऱ्याच दिवशी डोकं इतकं ठणकायला लागलं की रूममध्ये अंधार करून पडून होते. कॅफीन अचानक तोडलं की १२ ते २४ तासांत हा त्रास सुरू होतो आणि आठवडाभर पण राहू शकतो. मेंदूत दिवसभर अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं त्याने झोप येते, कॅफीन ते कमी करत नाही, नुसतं त्याची जागा अडवून बसतं, म्हणजे थकवा आत असतोच फक्त आपल्याला कळत नाही. मग दुसऱ्यांदा दर चार-पाच दिवसांनी एकच कप कमी करत गेले आणि शेवटचा कप दुपारी दोनच्या आत, कारण घेतलेलं कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण ५-६ तास लागतात, संध्याकाळी सातचा चहा झोपताना अंगात असतोच. आता दोन कपांवर आहे, तेवढे मी ठेवलेत.

आणि प्लीज रक्त तपासा. आईने मागेच लागून तपासायला लावलं तर माझं हिमोग्लोबिन ८.९ निघालं! मेसमधून जेवून उठलं की लगेच चहा, वर्षानुवर्षं, आणि चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही हे मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. गोळ्या सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी जिना चढताना फरक कळला. सीबीसीसोबत (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची साधी तपासणी) थायरॉइड आणि बी१२ पण करून घ्या, सगळं चहावर ढकलू नका.

टेन्शनची सवय सुटायला मात्र जास्त वेळ लागला. घाबरल्याशिवाय पुस्तक उघडायचंच नाही असं झालेलं. मी रात्री साडेनऊला अभ्यासिकेतून बाहेर पडायचं ठरवलं, कितीही राहिलेलं असो, आणि सकाळी चहाच्या आधी सारसबागेपर्यंत उन्हात चालत जायचं. पहिले दोन-तीन आठवडे काहीतरी चुकतंय असंच वाटायचं, छातीत धाकधूक, पण झोप लागायला लागली आणि मग सकाळी दहालाच पान उघडून बसता यायला लागलं, परीक्षा लांब असताना.

तुम्ही झोपता किती ते लिहिलं नाहीये, तेवढं सांगा.