मागे तारखा नसलेली कादंबरी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा वाचला. जुलैत दोन आठवडे न्यू जर्सीतल्या ‘केप मे’ इथे समुद्रावर जायचंय, बुक क्लबची तीन क्रेडिटं (एका क्रेडिटला एक पुस्तक) साठलीत, आणि यादी बघून डोकं फिरलंय. ‘काका, तुम्हीच सांगा कुठल्या कादंबऱ्या घेऊ.’ नावं मी सांगणार नाही. या महिन्यात छापून आलेल्या अमेरिकन कादंबऱ्या मी ठाण्यात बसून कुठल्या वाचायला? पण पुस्तक हातात घेणाऱ्या माणसांकडे मी एकतीस वर्षं बघत बसलो होतो, त्यातलं थोडं सांगतो.

वाचनालयातली माझी देवघेवीची खिडकी आठवते ना? तुझी हनुवटी जेमतेम फळीपर्यंत पोचायची. लोक यायचे आणि म्हणायचे, ‘काहीतरी चांगलं द्या.’ मी मलपृष्ठ कधी वाचलं नाही. पुस्तक उलटं करून शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची चिठ्ठी बघायचो. पुस्तक कोणी नेलं की दर वेळी एक जांभळा शिक्का. पहिल्या चार महिन्यांत दाटीवाटीने, आणि मग वर्षभर कोरं, म्हणजे गाजावाजा झाला आणि ओसरला. तीन आठवड्यांनी एक, पाच आठवड्यांनी एक, असे शिक्के दहा-अकरा वर्षं चाललेत, चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी चिकटवावी लागलीय, तर समजायचं की हे पुस्तक कोणीतरी कोणाला तरी सांगतंय. दोन शिक्क्यांत दोनच दिवसांचं अंतर असलं तर मात्र घोळ. एक तर रात्र जागून संपवलं, नाहीतर विसाव्या पानावर मिटलं. ते परत करणाऱ्याच्या तोंडावरून कळायचं.

नव्या कादंबरीची अडचण एवढीच, की तिच्या मागची चिठ्ठी कोरी असते. तू गोंधळलीस यात तुझा काही दोष नाही.

या कोऱ्या चिठ्ठीवरच तुझ्या क्लबचा धंदा उभा आहे. ‘बुक ऑफ द मंथ’ हा १९२६ चा. हॅरी शर्मन हा जाहिरातींचा मजकूर लिहिणारा माणूस. पुस्तकाच्या दुकानापासून लांब राहणाऱ्यांना नवं पुस्तक टपालाने पाठवायचं ही त्याची कल्पना. पण कुठलं पाठवायचं? त्यासाठी त्याने पाच नावाजलेले परीक्षक बसवले. त्या एप्रिलमध्ये त्यांनी पहिलं पुस्तक निवडलं ते सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नरचं ‘लॉली विलोज’, म्हणजे एका इंग्लिश बाईंची पहिलीच कादंबरी. ४,७५० सभासदांच्या घरी ती गेली. मला हे धाडस आवडतं. पहिल्याच फटक्याला कोणी नवखी लेखिका निवडत नाही.

दुसरी गोष्ट तेवढी आवडत नाही. क्लबने पुढे नियम असा केला, की नको असेल तर नकाराचं कार्ड वेळेत टपालात टाका, नाहीतर पुस्तक घरी येणार आणि बिलही. मौनं संमतिलक्षणम्, अमेरिकन पद्धतीचं! आता तुमच्याकडे महिना सोडून देता येतो, क्रेडिट पुढे सरकतं. तीन साठली म्हणून तुला अपराधी वाटतंय ते उगाच. त्या तीन महिन्यांत तुला काही नको होतं, बस.

आणखी एक सांगून ठेवतो, कारण क्लबचा शिक्का म्हणजे निर्वाळा असं तुझ्या निरोपातून जाणवलं. १९४० मध्ये या क्लबने रिचर्ड राइट या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकाची कादंबरी ‘नेटिव्ह सन’ निवडली, पण आधी काही प्रसंग बदलून घेतले. १९४५ मध्ये त्याचं आत्मकथन ‘ब्लॅक बॉय’ घेतलं ते पहिल्या भागापुरतंच. अमेरिकेच्या दक्षिणेतलं बालपण चाललं, शिकागोतले अनुभव नको झाले. तो दुसरा भाग स्वतंत्र पुस्तक म्हणून आला १९७७ मध्ये. राइट १९६० मध्येच गेलेला. मला हे वाचलं की हटकून ‘बलुतं’ आठवतं. ग्रंथालीही वाचकांच्या बळावरच उभी राहिलेली चळवळ, आणि तिने १९७८ मध्ये दया पवारांचं ते पुस्तक काढलं. अर्थात आपल्याकडे सगळं आलबेल होतं असंही नाही. एका प्रकाशनाकडे प्रकाशनपूर्व सवलतीत मी पैसे भरले होते. दोन खंड तीन वर्षांनी आले, आणि दुसऱ्यात सोळा पानांचा एक फर्मा उलटा शिवलेला. बदलून द्या म्हटलं तर पावती मागितली. असो.

आता तुझी यादी. मुखपृष्ठं बघणं बंद कर. सगळ्यांवर तेच रंगांचे फराटे आणि तीच जाड अक्षरं, त्यातून काही कळत नाही. मागची स्तुतीही सोड, ती बहुतेक वेळा ओळखीतल्या लेखकांकडून मागून घेतलेली असते. क्लबवाले प्रत्येक पुस्तकाखाली छोट्या खुणा देतात, चारशेहून जास्त पानं, अनेक निवेदक, संथ सुरुवात, न आवडणारा निवेदक वगैरे. त्या वाच. त्या विकायला नाहीत, सावध करायला आहेत, म्हणून बऱ्याचशा खऱ्या असतात. (न आवडणारा निवेदक दिसला की मी तर आधी तेच उचलेन. सद्गुणी निवेदकांनी माझी किती दुपार झोपेत घालवलीय!)

मग ई-बुकच्या दुकानात फुकट नमुना मिळतो तो उघड. पहिलं पान घासूनपुसून लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नकोस. नमुन्याचं शेवटचं पान वाच, आणि मोठ्याने वाच. त्या पानावर कोणी काही करत असेल, म्हणजे भांडी घासत, खोटं बोलत, किल्ली शोधत, आणि तुला पुढचं हवंसं वाटलं तर यादीत ठेव. सगळं पान ‘तिला वाटलं’, ‘तिला जाणवलं’ यातच गेलं असेल तर किनाऱ्यावर तू ते पुस्तक टोपीखाली उशाला घेणार.

क्रेडिट खर्च करण्याआधी तुझ्या गावच्या लायब्ररीचं कार्ड लिबीवर, म्हणजे लायब्ररीची ई-बुकं फोनवर देणाऱ्या ॲपवर, टाकून बघ. जे आज मिळतंय ते तिथूनच घे. जिथे रांग कित्येक आठवड्यांची आहे, तिथे पैसे घाल.

तीन क्रेडिटं आहेत म्हणून तीन पुस्तकं घेऊ नकोस. एक भराभर उलटणारं घे, दुपारच्या चटक्यात डोकं चालत नाही तेव्हासाठी. एक असं घे, की जे तू एरवी उचलणार नाहीस. शाळेत असताना तू सलग नऊ रहस्यकथा नेल्या होत्यास आणि दहाव्या वेळी मी न विचारता शेतकऱ्याच्या घरावरची एक कादंबरी हातात ठेवली होती. तू रुसलीस, आणि दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आलीस. मला वाटलं, विसाव्या पानावर मिटली. ‘याचा पुढचा भाग आहे का?’ असं विचारलंस. तिसरं क्रेडिट राहू दे. ऑगस्टची यादी यायचीच आहे.

आणि एक काम कर. दोन्ही पुस्तकं पुठ्ठा बांधणीची येतील. शेवटच्या कोऱ्या पानावर कागदाची एक पट्टी चिकटव, वाचायला घेतलंस ती तारीख पेन्सिलने टाक, आणि मग तुझ्या खोलीवरच्या मैत्रिणीला दे. तिनेही तारीख टाकायची आणि पुढे द्यायचं. दिवाळीत येशील तेव्हा पुस्तकं नाही आणलीस तरी चालेल, पट्टीचा फोटो आण. मला अंतरं बघायची आहेत.

आईला सांग, गुडघा बरा आहे.

तुझे
काका