जहाजाच्या इंजिन रूममध्ये एवढे पाइप कशासाठी असतात आणि प्रत्येक पाइपप्रणालीचे काम काय?

आपण लिहिले आहे की आपण नांदेडच्या तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकता, समुद्र अजून पाहिलेला नाही, आणि इंजिन रूमच्या छायाचित्रांत भिंतही दिसणार नाही इतके पाइप पाहून हे सगळे लक्षात तरी कसे ठेवतात, असा प्रश्न आपल्याला पडला आहे. मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्याचा असून मालवाहू जहाजांवर इंजिनीअर म्हणून काम करतो. पहिल्या जहाजावर चढलो तेव्हा माझ्याही समोर हेच जाळे होते, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आपल्याकडच्या विहिरीपासून सुरुवात करू. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तोंडाशी फूट व्हॉल्व्ह असतो, कारण मोटर थांबल्यावर पाइपातले पाणी परत विहिरीत उतरू नये. पुढे ठिबकचा जाळीचा फिल्टर असतो, ड्रिपर चोंदू नयेत म्हणून. आणि व्हेंच्युरीतून, म्हणजे पाण्याच्या प्रवाहात खत ओढून घेणाऱ्या नळीतून, सोडलेले विद्राव्य खत उलट वाहून विहिरीत जाऊ नये म्हणून एनआरव्ही, म्हणजे एकमार्गी व्हॉल्व्ह, बसवलेला असतो. या तिन्ही वस्तू पाणी पुढे नेत नाहीत, त्या फक्त नको ते नको तिथे जाण्यापासून अडवतात. जहाजावरच्या पाइपप्रणाली याच नजरेने पाहाव्यात असे माझे मत आहे. कोणता द्रव कुठून कुठे जातो हे पहिल्या महिनाभरात कळते, पण तो कुठे जाता कामा नये आणि त्याला तिथे कोण अडवते हे कळायला बराच काळ जातो, आणि प्रणाली खऱ्या अर्थाने समजते ती तेव्हाच.

बिल्जची प्रणाली याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. पंपांच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरता दांडा बाहेर येतो तिथल्या सीलमधून, ठिबकणारे पाणी, कुठे सांडलेले तेल, धुतलेल्या फरशीचे पाणी हे सगळे तळाशी असलेल्या बिल्ज वेलमध्ये जमते. प्रत्येक वेलपासून एक पाइप निघतो आणि सगळे पाइप एका मुख्य बिल्ज लाइनला मिळतात. आता विचार करा: सगळे कप्पे एकाच लाइनला जोडलेले असतील आणि एका कप्प्याला भोक पडून त्यात समुद्र शिरला, तर तेच पाणी या लाइनमधून दुसऱ्या कप्प्यात जाईल, आणि ज्या भिंतींनी जहाज वाचायचे त्या निरुपयोगी ठरतील. म्हणून प्रत्येक बिल्ज सक्शनवर एकमार्गी, स्क्रूने दाबून बंद करता येणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा वर उचलला तरी आतली चकती दांड्याला बांधलेली नसते. पाणी पंपाकडे जाताना ती उचलली जाते आणि प्रवाह उलटला की आपोआप बसते. चिंध्या आणि कचरा अडवण्यासाठी वाटेत मड बॉक्स असतो, त्याची जाळी नियमित साफ करावी लागते.

माझ्या प्रशिक्षणाच्या काळात एका रात्री बिल्ज पंप चालू असूनही वेलमधली पातळी उतरत नव्हती. मी पंप उघडण्याच्या तयारीला लागलो होतो, तेवढ्यात सेकंड इंजिनीअर साहेबांनी प्रत्येक सक्शन व्हॉल्व्ह हाताने फिरवून पाहायला सांगितले. पलीकडच्या कोरड्या वेलचा व्हॉल्व्ह मीच आधीच्या कामानंतर उघडा ठेवला होता आणि पंप पाण्याऐवजी तिथून हवा ओढत होता. आमच्या शेतावर मोटर हवा धरते तेव्हा आधी पाइपाचे सांधे तपासतात हे मला लहानपणापासून माहीत होते, तरी जहाजावर ते आठवले नाही. तेव्हापासून पंपावर संशय घेण्याआधी मी संपूर्ण लाइन चालून येतो.

हे बिल्जचे पाणी थेट समुद्रात सोडता येत नाही. जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टानुसार ते तेल-पाणी विभाजकातून गेले पाहिजे आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात तेलाचे प्रमाण दशलक्ष भागांत १५ भागांपेक्षा जास्त असता कामा नये; तसे झाले तर मोजणारे यंत्र पाणी आपोआप परत टाकीकडे वळवते. याला एकच वेगळी वाट आहे आणि ती केवळ जहाज बुडण्याची वेळ आली तरच वापरायची. इंजिन रूममध्ये पाणी वेगाने चढू लागले तर तिथल्या सर्वांत मोठ्या पंपाचे, म्हणजे बहुधा समुद्राच्या पाण्याच्या मुख्य पंपाचे, सक्शन आपत्कालीन बिल्ज व्हॉल्व्ह उघडून थेट इंजिन रूमच्या तळाशी जोडता येते आणि मग समुद्राकडचा व्हॉल्व्ह बंद करतात. हा व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे प्रत्यक्ष वापरला जात नाही, म्हणूनच तो ठरलेल्या दिवशी फिरवून, ग्रीस लावून मोकळा ठेवणे मला इतर अनेक कामांहून महत्त्वाचे वाटते.

बॅलास्ट प्रणालीत समुद्राचे पाणी तळाच्या आणि बाजूच्या टाक्यांत भरतात किंवा त्यांतून काढतात. माल उतरवलेले जहाज हलके होऊन वर येते, प्रोपेलर पुरेसा बुडत नाही आणि तोलही बिघडतो. ते पाण्याच्या वजनाने सावरायचे असते. अडचण अशी की एका बंदरात भरलेल्या पाण्यासोबत तिथले सूक्ष्म जीव दुसऱ्या बंदरात जातात आणि तिथली जीवसृष्टी बिघडवतात. यासाठी २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, तो ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे, आणि आता बॅलास्ट लाइनवर फिल्टरसोबत अतिनील किरणांची किंवा विद्युत-अपघटनाची शुद्धीकरण यंत्रणा बसवलेली असते.

इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी लागते, पण ते इंजिनात थेट फिरवत नाहीत, कारण क्षारांनी धातू खराब होतो आणि मार्गांत थर बसतो. इंजिनात प्रक्रिया केलेले गोडे पाणी फिरते आणि कूलरमध्ये ते आपली उष्णता समुद्राच्या पाण्याला देते. समुद्राचे पाणी आत घेण्याची दोन तोंडे असतात. उथळ बंदरात वरचे वापरतात, म्हणजे गाळ येत नाही; खोल समुद्रात खालचे वापरतात, म्हणजे जहाज डोलताना हवा आत येत नाही.

याच इंजिनाच्या उष्णतेवर जहाज स्वतःचे पाणी तयार करते, आणि लातूरच्या माणसाला हा भाग मनाला भिडल्याशिवाय राहत नाही. इंजिनातून साधारण ८० अंश सेल्सिअसला बाहेर पडणारे गरम पाणी एका बंद भांड्यातल्या नळ्यांमधून नेतात आणि त्या भांड्यात निर्वात निर्माण करतात. त्यामुळे समुद्राचे पाणी ४५ ते ५० अंशांच्या आसपासच उकळते, आणि त्याची वाफ थंड करून गोडे पाणी मिळते. मी काम केलेल्या जहाजांवर दिवसाला २० ते २५ टन, म्हणजे साधारण २० ते २५ हजार लिटर, पाणी असे मिळत असे. मांजरा धरण कोरडे पडल्यावर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला जी पहिली पाण्याची रेल्वे आली, तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते; तेवढे पाणी असे एक यंत्र तीन-साडेतीन आठवड्यांत तयार करते, तेही एरवी समुद्रात जाणाऱ्या उष्णतेवर. इथेही अडवणारा व्हॉल्व्ह आहेच. तयार पाण्यातले क्षार मर्यादेबाहेर गेले की क्षारमापक इशारा देतो आणि एक व्हॉल्व्ह ते पाणी टाकीत जाऊ न देता बाहेर वळवतो. एवढ्या कमी तापमानाला जंतू मरतीलच असे नाही, म्हणून पिण्यासाठी ते निर्जंतुक करावे लागते, आणि किनाऱ्याजवळच्या किंवा नदीमुखाच्या दूषित पाण्यात हे यंत्र चालवत नाहीत.

इंधनाची प्रणाली सर्वांत लांब आणि सर्वांत धोक्याची आहे. जड इंधन थंड असताना गुऱ्हाळावरच्या काकवीपेक्षाही घट्ट असते, त्यामुळे टाकीतसुद्धा वाफेच्या नळ्यांनी ते गरम ठेवावे लागते. साठवण टाकीतून ते सेटलिंग टाकीत जाते, तिथे पाणी आणि गाळ खाली बसतो. मग सुमारे ९८ अंशांपर्यंत तापवून प्युरिफायरमध्ये वेगाने फिरवून उरलेले पाणी व कण वेगळे करतात आणि शुद्ध इंधन सर्व्हिस टाकीत भरतात. तिथून बूस्टर पंप आणि हीटरमार्गे ते इंजिनाशी पोहोचते तेव्हा त्याचे तापमान बहुधा १२० ते १४० अंश असते, कारण त्याशिवाय ते फवारता येण्याइतके पातळ होत नाही. इतके तापलेले इंधन एखाद्या फुटलेल्या नळीतून गरम एक्झॉस्टवर उडाले तर आग लागतेच. म्हणून इंजिनावरच्या उच्च दाबाच्या इंधननळ्या दुहेरी असतात. आतली नळी फुटली तर इंधन बाहेरच्या आवरणातून एका लहान टाकीत जाते आणि धोक्याची घंटा वाजते. टाक्यांवरचे क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह इंजिन रूमच्या बाहेरून एका झटक्यात बंद करता येतात. १ जानेवारी २०२० पासून इंधनातील गंधकाची मर्यादा ०.५० टक्के आहे, आणि उत्सर्जनावर खास नियंत्रण असलेल्या काही सागरी क्षेत्रांत ती ०.१० टक्के आहे. अशा क्षेत्रात शिरण्याच्या बरेच आधी इंधन बदलावे लागते, कारण व्हॉल्व्ह फिरवला तरी पाइपांत भरलेले जुने इंधन जळून संपायला वेळ लागतो.

वंगणतेलाची प्रणाली बेअरिंगपर्यंत तेल नेते आणि तिचा दाब घटला की इंजिन आपोआप थांबते. मोठी इंजिने सुरू करण्यासाठी ३० बार दाबाची हवा वापरतात, आणि उलट-सुलट फिरणाऱ्या मुख्य इंजिनासाठी हवा साठवणाऱ्या बाटल्या पुन्हा न भरता १२ वेळा सुरू करता येईल एवढा साठा असावा लागतो. या हवेच्या लाइनमध्ये तेल साचू देऊ नये, कारण दाबाखालच्या हवेत तेल पेटून स्फोट झाल्याच्या घटना घडल्या आहेत. वाफेच्या लाइनमध्ये वाफ सोडण्याआधी साचलेले पाणी काढलेच पाहिजे, नाहीतर ते पाणी गोळ्यासारखे पुढे आदळून पाइप फोडते. सांडपाण्याची प्रणाली आपल्या घरातल्यासारखीच आहे, फक्त ते शुद्धीकरण संयंत्रातून जाते.

आगीच्या पाण्याची लाइन मात्र नीट समजून घ्यावी. तिचे मुख्य पंप इंजिन रूममध्ये असतात, आणि आग तिथेच लागली तर ते निकामी होऊ शकतात; म्हणून आपत्कालीन पंप त्या जागेबाहेर बसवतात आणि मधला व्हॉल्व्ह बंद करून लाइनचा इंजिन रूममधला भाग वेगळा करता येतो. नाहीतर बाहेरचा पंप सगळे पाणी आतल्या फुटलेल्या पाइपात ओतत राहील. बंदरावरच्या अग्निशमन दलाला जगात कुठेही आपली लाइन जोडता यावी म्हणून १७८ मिलिमीटर बाह्य व्यासाचा आणि चार बोल्टांचा एक ठरलेला फ्लँज, म्हणजे पाइप जोडण्याची चकती, प्रत्येक मोठ्या जहाजावर असतो.

ओळखण्यासाठी पाइपांवर रंगाचे पट्टे असतात: हिरवा समुद्राच्या पाण्याला, निळा गोड्या पाण्याला, तपकिरी इंधनाला, नारिंगी इतर तेलांना, रुपेरी वाफेला, लाल अग्निशमनाला आणि काळा टाकाऊ द्रवाला. तरीही रंगावर विसंबून व्हॉल्व्ह फिरवू नये, कारण रंग उडालेला किंवा चुकीचा दिलेला असू शकतो.

लक्षात कसे ठेवतात याचे उत्तर असे की पाठ करून ठेवत नाहीत, लाइन ट्रेस करतात. टॉर्च आणि वही घेऊन एका टाकीपासून निघायचे, पाइपावर हात ठेवत फरशीच्या प्लेटांखाली वाकून शेवटपर्यंत जायचे आणि प्रत्येक व्हॉल्व्ह, फिल्टर, पंप कागदावर मांडायचा. आपल्याला आज जहाज उपलब्ध नाही, पण एखाद्या शेतावरची विहिरीपासून शेवटच्या ड्रिपरपर्यंतची आकृती काढता येईल. तीत प्रत्येक व्हॉल्व्हशेजारी तो उघडा राहिला तर काय होईल आणि अडकून बसला तर काय होईल हे एकेका ओळीत लिहावे. पुढे जहाजावर गेल्यावर हीच पद्धत आधी बिल्जच्या लाइनला लावावी, कारण सेकंड इंजिनीअर बहुतेक वेळा पहिली आकृती तिचीच मागतात.