राज्याने परवाना दिलाय, तरी मेडिकल मारिजुआनाच्या दुकानावरून गावात एवढी भांडणं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या तुमच्या टाऊनशिपमध्ये मेडिकल मारिजुआनाचं, म्हणजे औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गांजाचं, दुकान येऊ घातलंय. कंपनीकडे राज्याचा परवाना आहे, तरी कौन्सिलच्या बैठका रात्री उशिरापर्यंत वादावादीत जातात. राज्याने हो म्हटल्यावर गावाचा संबंध काय, आणि शेजारची मंडळी विरोधाच्या अर्जावर सही मागताहेत ती करावी का?

सहीचं आधी सांगतो. प्रकरण प्लॅनिंग किंवा झोनिंग बोर्डापुढे (कोणत्या जागेवर काय चालेल हे बघणारी गावाची मंडळं) असेल तर त्या अर्जाला तिथे जवळजवळ शून्य किंमत आहे. या बोर्डांचं काम अर्धं कोर्टासारखं चालतं. साक्षीदार शपथ घेऊन बोलतो आणि समोरचा वकील त्याला उलट प्रश्न विचारतो. अर्जावरच्या तीनशे सह्यांना उलट प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून बोर्ड तो कागद पुरावा म्हणून घेतच नाही. आमच्या गावात एका काकांनी सह्यांचं जाडजूड बाड आणलं होतं. बोर्डाच्या वकिलाने नम्रपणे ते परत केलं तेव्हा काकांचा चेहरा बघवत नव्हता. त्याच सह्या करणाऱ्यांपैकी चार जण येऊन ट्रॅफिक आणि पार्किंगवर शपथेवर बोलले असते तर बोर्डाला ऐकावं लागलं असतं. कौन्सिलचं वेगळं. ते निवडून आलेले राजकारणी, त्यांना सह्या मोजता येतात.

आता परवान्याकडे. राज्याचं कमिशन कंपनी तपासतं: पैसा कुठून आला, मालक कोण, माल कसा ठेवणार. दुकान कोणत्या रस्त्यावर बसेल हे मात्र गावाच्या झोनिंगवर ठरतं. न्यू जर्सीत ५६४ गावं-शहरं आहेत आणि जमिनीच्या वापराबाबत प्रत्येकाला आपला अधिकार जिवापाड प्यारा आहे. खरं राजकारण तिथेच घडतं.

हे पहिल्यापासून असंच आहे. १८ जानेवारी २०१० ला जॉन कॉर्झाइन यांनी गव्हर्नरपद सोडता सोडता मेडिकल मारिजुआनाच्या कायद्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी क्रिस क्रिस्टी खुर्चीवर आले आणि त्यांना या प्रकाराचं काडीचं कौतुक नव्हतं. राज्याने सहा केंद्रं ठरवली: उत्तर, मध्य आणि दक्षिण भागात प्रत्येकी दोन. पहिलं दुकान माँटक्लेअरला उघडलं ते डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे जवळपास तीन वर्षांनी. ट्रेंटनच्या, म्हणजे राज्य सरकारच्या, कडक नियमांमुळे उशीर झाला हे खरंच, पण गावांनीही हात आखडता घेतला. एका संस्थेने वेस्टॅम्प्टनला जागा पाहिली, तिथे नकार मिळाला, आणि शेवटी ती अटलांटिक सिटीजवळच्या एग हार्बर टाऊनशिपमध्ये सुरू झाली. कागदोपत्री परवाना होता, पण दार उघडायला गाव मिळत नव्हतं.

माईकवर येणारे मुद्दे सगळीकडे तेच असतात. मुलं बिघडतील, वास येईल, चोऱ्या होतील, घरांच्या किमती पडतील. आपले देसी पालक यात पुढे असतात आणि त्यांची भीती खोटी नसते, पण ती बरीचशी ऐकीव असते. अशा दुकानात दारावर ओळखपत्र तपासतात, पेशंटचं कार्ड लागतं, कॅमेरे असतात, माल बंद पाकिटात मिळतो. शेजारच्या लिकर स्टोअरपेक्षा बंदोबस्त जास्तच.

दुसऱ्या बाजूला ज्यांना हे दुकान हवंय ते बैठकीला फारसे येत नाहीत, कारण ते आजारी असतात. केमोथेरपी चालू असलेला माणूस रात्री दहा वाजता तीन मिनिटं बोलायला रांगेत उभा राहत नाही. त्यामुळे सभागृहात विरोध नेहमी खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. जुलै २०१९ मध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी ज्या सुधारित कायद्यावर सही केली त्याला जेक होनिग या मुलाचं नाव आहे. सात वर्षांचा हा मुलगा ब्रेन कॅन्सरने गेला. महिन्याला दोन औंसांची मर्यादा त्याला पुरत नव्हती, म्हणून ती तीन औंसांवर नेली. असं एखादं नाव घेतल्याशिवाय पेशंटची बाजू राजकारण्यांच्या कानापर्यंत पोचत नाही, हे मला खटकतं. पण तसंच आहे.

विरोधकांच्या एका शंकेला मात्र मी पूर्ण मार्क देतो: ‘आज औषध म्हणताय, उद्या सगळ्यांना विकाल.’ नोव्हेंबर २०२० च्या सार्वमतात सुमारे ६७ टक्के मतदारांनी प्रौढांसाठीच्या विक्रीला हो म्हटलं. २१ एप्रिल २०२२ ला ती विक्री सुरू झाली तेव्हा दार उघडणारी सगळी दुकानं आधीपासूनची मेडिकलवाली होती. त्यासाठी त्यांना आपापल्या गावाची संमती लागली, पण पाय आत होताच. म्हणून तुमच्या गावात नुसतं ‘मेडिकल’ ऐकून गप्प बसू नका. प्रौढांच्या विक्रीला तुमच्या ऑर्डिनन्समध्ये, म्हणजे गावाच्या स्थानिक कायद्यात, मनाई आहे की नाही, हे विचारा. फेब्रुवारी २०२१ च्या कायद्याने गावांना मनाईचा ठराव करायला २१ ऑगस्ट २०२१ पर्यंत मुदत दिली होती आणि जवळजवळ ४०० गावांनी तो केला. गंमत अशी की त्यातल्या अनेक गावांनी सार्वमतात मात्र हो म्हटलं होतं! दुकान हवं, पण पलीकडच्या गावात. आणि घरपोच विक्री गावाला बंद करता येत नाही, त्यामुळे मनाई करूनही माल दारात येऊ शकतोच. फक्त गावाला विक्रीवरचा दोन टक्क्यांपर्यंतचा कर मिळत नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती परवान्यांच्या टंचाईची. २०१८ मध्ये राज्याने सहा नवे मेडिकल परवाने जाहीर केले तेव्हा १४६ अर्ज आले. एवढी रांग असली की ज्याच्या हातात ‘हो’ म्हणायचा शिक्का, त्याचा भाव वाढतो. मॅसॅच्युसेट्समध्ये फॉल रिव्हर शहराच्या महापौराचं ‘आमची हरकत नाही’ असं पत्र लागायचं. महापौर जॅसील कोरिया यांनी त्या पत्रांसाठी व्यावसायिकांकडून लाखो डॉलर उकळले. २०२१ मध्ये दोषी ठरून सहा वर्षांची शिक्षा झाली. मिशिगनमध्ये तर मेडिकल परवाने देणाऱ्या राज्य बोर्डाचा अध्यक्षच, म्हणजे विधानसभेचे माजी सभापती रिक जॉन्सन, लाचेच्या प्रकरणात सापडले. एक लाख दहा हजार डॉलरहून जास्त. २०२३ मध्ये ५५ महिन्यांची कैद. दोन्हीकडे गांजा वाईट की चांगला हा प्रश्नच नव्हता. एका माणसाच्या मर्जीवर करोडोंचा धंदा अडकला होता, एवढंच.

म्हणून मी आमच्या कौन्सिलपुढे दुकानाच्या बाजूने किंवा विरुद्ध बोललोच नाही. मी एवढंच मागितलं की किती दुकानं, कोणत्या झोनमध्ये, शाळेपासून किती अंतरावर, हे आधी ऑर्डिनन्समध्ये लिहा, आणि दोन अर्जदार आले तर निवड कशी करणार त्याचे गुण जाहीर करा. दोन्ही बाजूंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं.

एक आडवळणाची सूचना, कारण आपल्यातले काही जण अशा दुकानात पैसे गुंतवायचा विचार करतात. केंद्र सरकारने १९७० च्या कायद्यात मारिजुआना हेरॉइनच्याच यादीत टाकला. एप्रिल २०१९ मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट सांगितलं की राज्यात कायदेशीर असला तरी याचं सेवन किंवा या धंद्यातली नोकरी नागरिकत्वाच्या अर्जाच्या आड येऊ शकते. ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बी असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय या धंद्याच्या वाटेला जाऊ नका, मग गाव काहीही म्हणो.

आता करायचं काय? टाऊनशिप क्लार्कच्या ऑफिसात फोन करा आणि प्रकरण कौन्सिलपुढे आहे की बोर्डापुढे, ते विचारा. कौन्सिलपुढे असेल तर ऑर्डिनन्सच्या दुसऱ्या वाचनाची तारीख घ्या. जाहीर सुनावणी त्या दिवशी असते आणि मतदानही बहुधा तेव्हाच उरकतं. लोक मात्र नेमके त्यानंतरच्या बैठकीला येऊन ओरडतात. बोर्डापुढे असेल तर कंपनीच्या अर्जाची फाईल आधीच बघायला मागा, ती तुम्हाला बघता येते. त्यातला ट्रॅफिकचा अहवाल वाचा आणि त्यावरच प्रश्न तयार करा.