खारबांध, सडा आणि फणसाड : गाड्या नसलेल्या वाटांवरची सायकल

प्रश्न : आम्ही तिघे मित्र अलिबागला राहतो. वडखळच्या रस्त्यावर सायकल चालवायची आता भीती वाटते. शहापूर-धेरंड बाजूच्या खारबांधांवरून फेरी मारता येईल का? कधी जावे? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : मारता येईल, पण निघण्याआधी महिना आणि तिथी, दोन्ही पाहा.

आधी महिना. खारबांध, म्हणजे खाडीचे खारे पाणी शेतात येऊ न देणारा बांध, चिकणमातीचा असतो. दिवाळीपर्यंत तो वरून सुकलेला दिसला तरी आतून ओला राहतो. चाक दोन बोटे रुतते, मातीचा गोळा टायर आणि फ्रेमच्या मध्ये बसतो आणि चाक फिरेनासे होते. अशा वेळी पॅडल रेटले तर मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) पिळवटून त्याचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला धरणारा तुकडा, मोडतो. लगेच उतरा, काठीने चिखल काढा आणि आल्या वाटेने परत फिरा. चाकाने पडलेली चर ही त्याहून गंभीर गोष्ट आहे. उधाणाचे पाणी माथ्यावरून गेले तर ते याच चरीतून वाट काढते. बांधाला एकदा खांड गेली, म्हणजे तो फुटला, की खारे पाणी भातशेतात शिरते आणि ती जमीन पुढचे काही हंगाम धड पिकत नाही. म्हणून डिसेंबर ते मार्च एवढेच महिने बांधाचे समजा.

आता तिथी. कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमीला ५ ची पाऊणपट म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, पहाटेही साधारण त्याच सुमारास, आणि सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीच्या आत भरती उशिरा पोहोचते, तेवढी मोकळीक ठेवा. पंचमी ते सप्तमी हे दिवस सकाळच्या फेरीला सगळ्यांत चांगले. भांग, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढणारी भरती, जवळ आलेला असल्याने पाणी फार चढत नाही आणि सकाळभर ते ओसरत असते. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आधी-नंतर येते, म्हणजे तुम्ही बांधाच्या टोकाला असताना पाणी चढत असते. उधाणानंतरचे दोन-तीन दिवसही टाळा, पाझराने बांध मऊ झालेला असतो.

सुकलेल्या बांधाचा त्रास वेगळा आहे. गुरांच्या खुरांचे ठसे वाळून दगडासारखे होतात. त्यावर टायरची हवा नेहमीपेक्षा ५ पीएसआय कमी ठेवा आणि खोगिरावरून थोडे उठून चालवा. खेकड्यांची बिळे माथ्याच्या कडेला असतात, त्यामुळे पुढचे चाक मधोमध राहू द्या. दोन सायकलींत दहा-पंधरा मीटर अंतर हवे, कारण बांधावर बाजूला घ्यायला जागाच नसते. उघाडी, म्हणजे बांधातले पाणी सोडायचे दार, आली की उतरून सायकल हातात घ्या. तिथला कठडा अरुंद असतो आणि फळ्या शेवाळलेल्या असतात. आधी उपग्रह नकाशावर पाहून ठेवा की बांध पलीकडे गावाच्या रस्त्याला लागतो की खाडीत जाऊन संपतो. बरेचसे बांध संपतात.

बांधावर गाडी नसली तरी तो बेवारस नाही. काही बांध शासनाच्या खारभूमी विभागाचे आहेत, काही शेतकऱ्यांनी स्वतः राखलेले. आतल्या बाजूला जिताड्याची तळी असतात आणि अनोळखी माणसे तळ्याकाठी घुटमळली की मालकाला शंका येणे रास्त आहे. गावात शिरताना विचारा. बहुतेक वेळा होच म्हणतात, आणि कुठला बांध फुटलाय तेही सांगतात. बांध सोडून तिवरांत मात्र सायकल घालू नका. पेन्सिलीसारखी वर आलेली ती मुळे म्हणजे झाडाची श्वास घेण्याची सोय. ती मोडली की झाड गुदमरते. किनाऱ्याची धूप थोपवण्यात या झाडांचा मोठा हात आहे.

प्रश्न : फणसाड अभयारण्यात सायकल नेऊ देतात का? (एक वाचक, रोहा)

उत्तर : १९८६ साली अभयारण्य झालेले हे जंगल त्याआधी मुरूडच्या नवाबाचे शिकारीचे रान होते. आतले कच्चे रस्ते सुरेख आहेत, पण अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. सायकलीसाठी ती स्वतंत्रपणे मागा. सुपेगावच्या फाटकावर आयत्या वेळी हुज्जत घालण्यापेक्षा आधीच वन कार्यालयात विचारून ठेवलेले बरे. परवानगी मिळाली तरी गाणांकडे, म्हणजे पाणवठ्यांकडे, सायकलीने जाऊ नका. सायकल आवाज करत नाही, त्यामुळे पाण्यावर आलेले सांबर किंवा भेकर तुम्ही अगदी जवळ येईपर्यंत सावध होत नाही आणि मग बिथरून पळते. वळणांवर घंटी वाजवा आणि पहाटे-संध्याकाळची अंधूक वेळ बिबट्यासाठी सोडा.

प्रश्न : रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवर नकाशात कितीतरी कच्चे रस्ते दिसतात. पंचवीस-तीस किलोमीटरची फेरी आखायची आहे. काय पाहून आखावी? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावर, नकाशात सारख्या दिसणाऱ्या रेघा जमिनीवर तीन प्रकारच्या असतात. रुंद आणि लालभडक दिसतो तो चिरेखाणीचा, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायच्या खाणीचा, रस्ता. खाण चालू असेल त्या दिवशी तिथे ट्रक असतात, वर सुट्या जांभ्याचा थर असतो. आंबा-काजूच्या बागांकडे जाणारी दोन चाकोऱ्यांची वाट सायकलीला सर्वांत चांगली. तिसरी म्हणजे पायवाट, जी गडग्याशी (दगडी कुंपणाशी) नाहीतर बेड्याशी (बागेच्या फाटकाशी) जाऊन थांबते. बेडे उघडून पुढे गेलात तर ते पुन्हा लावा. गुरे बागेत शिरली तर वर्षाचे नुकसान होते.

सड्यावरचा मोठा धोका म्हणजे सोडून दिलेल्या चिरेखाणी. त्या उभ्या कापलेल्या असतात, कडेला कुंपण नसते आणि डिसेंबरपर्यंत कमरेएवढे गवत कड झाकून टाकते. म्हणून वाट सोडून गवतातून आडवे जायचे नाही आणि सूर्यास्तानंतर सड्यावर थांबायचे नाही. दुसरा धोका फुरशाचा. ते जांभ्याच्या सुट्या दगडांखाली बसते. पंक्चर काढायला बसताना जागा पायाने नव्हे, काठीने चाचपा आणि दगड हाताने उचलू नका. चावलेच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांतले काहीही करू नका. अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका आणि माणसाला गाडीत घालून रुग्णालयात न्या. प्रतिसर्पविष हाच त्यावर उपाय आहे. यासाठी एकट्याने जाऊ नये आणि जवळचे रुग्णालय कुठे आहे ते निघण्याआधी पाहून ठेवावे.

कातळशिल्पांबद्दल जरा आग्रहाने सांगावेसे वाटते. उक्षी, काशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली, पण कुंपण नसलेली शिल्पे अजून कितीतरी आहेत. रेषा उथळ असते. भर दुपारी ती दिसतच नाही, सकाळच्या तिरप्या उन्हात उठून येते. मोकळा सपाट कातळ दिसला की त्यावरून सायकल फिरवण्याचा मोह होतो, तो आवरा. जांभा ठिसूळ असतो, काठ झिजले की चित्र गेले. देवाचे गोठणे इथे तर शिल्पाजवळ होकायंत्राची सुईही भरकटते. पावसाळ्यात सडा फुलतो तेव्हा सायकल खालीच ठेवून चालत जा. तिथल्या मूठभर मातीत दीपकाडीसारखी झाडे जगतात, आणि शेवाळलेल्या कातळावर कुठलाच टायर धरत नाही.

वेग ताशी दहा-बारा किलोमीटर धरा, म्हणजे तीस किलोमीटरला तीन तास. सड्यावर सावली नाही आणि पाणी वाडीत उतरल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा माणशी तीन लिटर पाणी घेऊन पहाटे निघा आणि दहाच्या आत खाली उतरा. खाडीपासून सड्यावर चढणारी घाटी लहान पण उभी असते. पुढे ३४ आणि मागे ३४ दात्यांचा गिअर नसेल तर ढकलत न्यावी लागेल. ढकलण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : माझ्या हायब्रिड सायकलीला ७०० × ३५ टायर आहेत. जांभ्याच्या रस्त्यावर दर फेरीला पंक्चर. ग्रॅव्हल बाइक घ्यावी का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : आधी ट्यूब काढून भोके पाहा. समोरासमोर दोन चिरा असतील तर हवा कमी पडून ट्यूब रिम आणि दगडात चिरडली गेली आहे. एकच बारीक भोक असेल तर काटा आहे, बहुधा करवंदीचा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा (बोट नको). काटा तिथेच राहिला तर पुढच्या किलोमीटरला पुन्हा तेच.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठीची रुंद टायरची सायकल, पण ती घेण्याची घाई नको. फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना ६ मिमी मोकळी जागा उरत असेल तर ४० मिमीचा टायर बसवा. माणूस ७५ किलोचा असेल तर ट्यूबसह मागे ४०, पुढे ३५ पीएसआय. ट्यूबलेस असेल तर दोन्हीकडे ५ ने कमी आणि प्रत्येक टायरमध्ये ६० ते ९० मिली सीलंट (भोक आपोआप बुजवणारा द्रव). कोकणातल्या उष्म्यात ते लवकर सुकते, दर दोन-तीन महिन्यांनी भर घाला. जांभा टायरची बाजू कापतो आणि ती चीर सीलंटने भरत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा बोटभर तुकडा जवळ ठेवा, तो आतून लावला की घरी पोहोचता येते. घरात जुनी एमटीबी (माउंटन बाइक) पडून असेल तर सरळ तीच वापरा. तिचा दोन इंची टायर सड्यावर महागड्या सायकलीलाही भारी पडतो.

प्रश्न : खाडीकाठी फिरल्यावर चेन आठवड्यात गंजते. तेल भरपूर घालतो. (एक वाचक, मालवण)

उत्तर : भरपूर तेल हेच चुकते आहे. त्यावर खारी रेव चिकटून तिची कानस होते. घरी आल्यावर त्याच दिवशी बादलीभर गोड्या पाण्याने सायकल धुवा, पण जोराचा फवारा हबवर (चाकाच्या मध्यावर) आणि बीबीवर (पॅडलच्या आसाच्या जागी) मारू नका, मीठ आत ढकलले जाते. चेन फडक्याने कोरडी करा, उन्हात अर्धा तास ठेवा, मग प्रत्येक कडीच्या रोलरवर एकच थेंब आणि वरचे सगळे पुसून काढा. तेलाचा हात ब्रेकच्या डिस्कला लागू देऊ नका. सीटपोस्ट आणि पॅडल दर दोन महिन्यांनी काढून ग्रीस लावा, नाहीतर ॲल्युमिनियम आणि पोलाद मिठात एकमेकांना असे धरतात की पुढे फ्रेमच कापावी लागते. पॅडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात.