जवारी, गावठी, सावयव : यातलं सेंद्रिय कोणतं?

प्रश्न : बाजारात ‘जवारी’ वांगी नि ‘गावठी’ कोथिंबीर मिळते. दुकानातल्या पाकिटांवर कन्नडमध्ये ‘सावयव’ आणि हिंदीत ‘जैविक’ लिहिलेलं असतं. हे सगळं सेंद्रियच का?
(एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर : सावयव, जैविक आणि सेंद्रिय हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे. जवारी आणि गावठी म्हणजे इथलं देशी; हे शब्द वाणाबद्दल सांगतात, पीक कसं घेतलं त्याबद्दल नाही. जवारी वांग्याची चव न्यारी, यात शंका नाही. पण शेंडा नि फळ पोखरणारी अळी त्यालाही सोडत नाही, आणि अळी दिसली की पंप पाठीवर चढतोच. ‘हातसडी’ आणि ‘अनपॉलिश’ हे शब्द भात कसं सडलं, डाळ कशी भरडली, एवढंच सांगतात. सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘रेसिड्यू फ्री’ या शब्दाने. त्यात रासायनिक खत आणि औषध दोन्ही वापरलेलं असू शकतं. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत पुरेसे दिवस ठेवून औषधाचा अंश खाली आणलेला असतो. असा माल वाईट नव्हे, पण सेंद्रियाच्या भावाने घेण्यासारखाही नव्हे.

प्रश्न : पाकिटावर नेमकं काय बघायचं?
(एक गृहिणी, टिळकवाडी)

उत्तर : आधी ‘जैविक भारत’ हे हिरवं चिन्ह शोधा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०१७ च्या नियमांतून ते आलं. त्याच्या जोडीला दोनपैकी एक खूण असते. ‘इंडिया ऑरगॅनिक’ असेल तर माल एनपीओपी या केंद्राच्या योजनेखाली त्रयस्थ संस्थेने तपासलेला आहे. ‘पीजीएस-इंडिया’ असेल तर किमान ५ शेतकऱ्यांच्या गटाने एकमेकांची शेतं तपासून हमी दिलेली आहे. पीजीएसमध्ये पुन्हा दोन पायऱ्या आहेत, त्या नीट वाचा : ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ म्हणजे जमीन पूर्ण सेंद्रिय झालेली, ‘पीजीएस-ग्रीन’ म्हणजे अजून बदलत असलेली.

१४ अंकी परवाना क्रमांकावर बोट ठेवून “हे बघा, सरकारमान्य आहे” असं सांगितलं जातं. तो क्रमांक फरसाणाच्या पाकिटावरही असतो. सेंद्रियाशी त्याचा संबंध नाही. ब्रँडच्या नावातच ‘ऑरगॅनिक’ शब्द घातलेला असेल, तर त्याचंही तेच. दुकानाच्या भिंतीवर प्रमाणपत्र लावलं असेल तर दोनच गोष्टी वाचा, तारीख आणि पिकांची यादी. एनपीओपीचं प्रमाणपत्र दर वर्षी नवं करावं लागतं, आणि तूरडाळीच्या प्रमाणपत्रावर हळद खपवता येत नाही.

सुटा माल घेत असाल तर मूळ पोत्यावरचं लेबल नि लॉट नंबर दाखवायला सांगा. सेंद्रिय माल इतर मालापासून वेगळा मांडणं दुकानदाराला बंधनकारक आहे. एकाच रांगेत, एकाच मापाने दोन्ही विकले जात असतील तर तिथे जास्तीचे पैसे देऊ नका.

प्रश्न : गूळ काळपट असला की सेंद्रिय, पिवळा असला की केमिकलचा, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. खरं का?
(एक वाचक, हुक्केरी)

उत्तर : ऊसपट्ट्यातला हा प्रश्न थोडा सविस्तर घ्यावा लागेल, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या जातात : ऊस कसा पिकवला, आणि रस कसा उकळला.

काहिलीत रस तापला की मळी वर येते. ती काढायला जुनी पद्धत म्हणजे रानभेंडीच्या खोडाचा चीक आणि बेताने चुना. पण पेठेत भाव पिवळ्याधमक ढेपेला, म्हणून बरीच गुऱ्हाळं रसात ‘हायड्रॉस’ पावडर टाकतात. हायड्रॉस रसाचा रंग उडवतं आणि गुळात गंधकाचा अंश मागे ठेवतं. सल्फर डायऑक्साइडची कायदेशीर मर्यादा किलोला ७० मिलिग्रॅम आहे. हा उजळपणा फार टिकत नाही, साठवणीत ढेप पुन्हा काळवंडते.

आता दुसरी बाजू. गुळव्याने काहीही पावडर टाकली नाही, गूळ तपकिरी झाला, आणि तरीही उसाला पोत्यांनी युरिया घातलेला होता, तर तो ‘केमिकलविरहित’ गूळ झाला, सेंद्रिय नाही. शिवाय रंग उसाची जात, पक्वता आणि जमिनीवरही ठरतो. चोपण, खारवट रानातल्या उसाचा गूळ हायड्रॉस टाकलं नाही तर, ऊस सेंद्रिय नसला तरी, काळाच होतो, चवीला किंचित खारट लागतो. नुसता रंग बघून निवाडा होत नाही तो यामुळे.

गुऱ्हाळावर जाऊनच घेत असाल तर तीन गोष्टी विचारा. ऊस कुणाच्या रानातला, आणि त्या रानाचं प्रमाणपत्र आहे का? गुऱ्हाळ स्वतः प्रमाणित आहे का? त्याच काहिलीत इतरांचा ऊसही उकळत असेल तर धुऊन वेगळा आधण कधी लावता? मग हिशेब करा. १ टन उसाला साधारण १०० ते १२० किलो गूळ पडतो. एकरी ४० टन ऊस धरला तरी एका एकराचा गूळ ४ ते ५ टनांच्या पुढे जात नाही. दोन एकरांच्या प्रमाणपत्रावर बारा महिने टेम्पो भरून गूळ निघत असेल, तर बाकीचा ऊस कुणाचा, हे विचारायला हरकत नाही.

प्रश्न : ओळखीचे शेतकरी घरी आणून तांदूळ देतात. प्रमाणपत्र नाही. घ्यावा का?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर : स्वतः पिकवून थेट खाणाऱ्याला विकणाऱ्या छोट्या शेतकऱ्याला कायद्याने प्रमाणपत्रातून सूट आहे, जैविक भारतचं चिन्ह मात्र त्यांना वापरता येत नाही. इथे कागदाची जागा प्रश्नांनी घ्यायची. “सेंद्रिय आहे का?” असं विचारलं तर उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी विचारा, तण कसं काढता? भातात खरी गोम तणनाशकाची आहे, आणि भांगलणीच्या मजुरीचा खर्च करणारा माणूस तो तोंडपाठ सांगतो. जीवामृत करतो म्हणणाऱ्याला प्रमाण विचारा : एकरी २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. कुठेतरी वाचलेलं नि हाताने ढवळलेलं, यातला फरक बोलण्यात लगेच कळतो.

शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये शेत बघून या. खानापूरकडच्या उतरत्या खाचरांत वरच्याचं पाणी खालच्यात येतं. वरचं खाचर शेजाऱ्याचं आणि त्यात युरिया पडत असेल, तर पाण्याला वेगळा चर काढलेला आहे का, ते बघा. शेजारी उसाचं रान असेल तर बांधाकडेची पट्टी सोडून कापणी होते का, हेही विचारा. एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही : साठवणीत सल्फासच्या, म्हणजे धान्यातली कीड मारणाऱ्या विषारी, गोळ्या ठेवता का? शेतात सगळं पाळून कणगीत गोळी ठेवली, तर सेंद्रियपण तिथेच संपलं.

आणि जमीन कधीपासून अशी आहे? हंगामी पिकांना पेरणीआधी २ वर्षं, तर आंबा-काजूसारख्या बहुवर्षी पिकांना पहिल्या तोडणीआधी ३ वर्षं रूपांतरणाची लागतात. “यंदाच सुरू केलं” हे प्रामाणिक उत्तर आहे. त्याला प्रोत्साहन म्हणून जरूर घ्या, पण सेंद्रियाचा पूर्ण भाव अजून लागू होत नाही.

प्रश्न : घरच्या घरी काही चाचणी?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : नाही. किडकं वांगं म्हणजे फवारणी फसली, एवढंही असू शकतं. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात १५ मिनिटं भिजवलं तर सालीवरचं काही औषध उतरतं. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या आत गेलेली असतात, ती धुतल्याने जात नाहीत.

प्रयोगशाळेत नमुना द्यायचा तर साधारण १ किलो द्या, आणि अहवाल वाचताना लक्षात ठेवा : सेंद्रिय मालात कीटकनाशकाचा अंश शून्यच हवा असं नाही. नेहमीच्या मर्यादेच्या ५ टक्के, किंवा यंत्राला मोजता येणारी किमान पातळी, यांपैकी जे जास्त ते चालतं. रासायनिक खत मात्र या तपासणीत दिसतच नाही. अहवाल स्वच्छ आला म्हणून युरिया घातला नव्हता, असं ठरत नाही.

पाकिटबंद मालाबद्दल तक्रार करायची असेल तर पाकीट फेकू नका. पाकीट, लॉट नंबर आणि बिल या तिन्हींचे फोटो ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सरकारी अॅपवर टाकता येतात. बिलाशिवाय तक्रार लंगडी पडते, म्हणून सेंद्रिय म्हणून घेतलेल्या मालाचं बिल, त्यावर ‘सेंद्रिय’ असा शब्द लिहवून, दर वेळी मागून घ्या.