सेंट किल्डाचे पाळक आठवडाभर काय करत?

प्रश्न : स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा बेटांविषयी नुकतेच वाचनात आले. शंभराच्या आसपास वस्ती असूनही तेथे चर्च होते आणि कायम मुक्कामी पाळक होता, याचे नवल वाटले. रविवारचा उपदेश आटोपल्यावर उरलेले सहा दिवस हा माणूस काय करत असे? आणि तेथील लोक कशावर जगत? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपण नेमके त्या सहा दिवसांविषयी विचारले, याचा आनंद वाटला, कारण सेंट किल्डाच्या पाळकांनी बेटासाठी जे सर्वांत मोलाचे केले, ते उपदेशपीठावरून नव्हे, तर त्या सहा दिवसांत केले, असे माझे मत आहे.

हर्टा हे या समूहातील एकमेव कायम वस्तीचे बेट. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांपासूनही ते सुमारे ६४ किलोमीटर दूर असल्याने हिवाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटत असे. एका चर्चच्या कक्षेतील वस्तीला वसईकडे धर्मग्राम म्हणतात; तशा, हेब्रिडीजमधील हॅरिसच्या धर्मग्रामाचे हे पार टोक. थोडे ओट आणि बार्ली पिके, मेंढ्या होत्या. परंतु खरा आधार समुद्रपक्ष्यांचा. पुरुष दोरावरून कड्यांवर उतरून फुलमार, गॅनेट आणि पफिन पकडत, आणि यातील कोनाखेरचा कडा ४०० मीटरहून उंच आहे. मांस खाण्यासाठी, फुलमारचे तेल दिव्यासाठी, पिसे जमीनदाराच्या खंडासाठी. दगडांच्या सांध्यांतून वारा खेळता राहील अशा, वर गवताळ मातीचे छप्पर असलेल्या बिनचुन्याच्या कोठ्या त्यांनी बांधल्या होत्या; त्यांना क्लीट म्हणत, आणि त्यांत मारलेले पक्षी, धान्य व इंधनाची माती सुकवून ठेवत. एकट्या हर्टावर अशा हजाराहून अधिक कोठ्या आजही उभ्या आहेत. रोज सकाळी पुरुष एकत्र जमून त्या दिवसाचे काम ठरवत आणि शिकार घरोघरी वाटून घेत.

अशा ठिकाणी १८३० मध्ये नील मॅकेन्झी हे पाळक आले. त्यांना बेटवासीयांची गेलिक भाषा येत होती. लोक काळोख्या, दमट घरांत गुरांसह राहत आणि हिवाळाभराचे शेण घरातच साठवत. मॅकेन्झी यांनी त्यांना नव्याने घरे बांधायला लावली. खाडीकाठी अर्धवर्तुळात वसलेले गाव आणि घरोघरच्या शेतपट्ट्या ही त्या काळाचीच देणगी. त्यांनी जन्ममृत्यूची नोंदवहीही ठेवली. एखाद्या नोंदवहीची थोरवी सांगणे कोणाला कोरडे वाटेल. परंतु बेटावरचे सर्वांत मोठे दुःख याच वहीतून आपल्याला आकड्यांनिशी कळते. धडधाकट जन्मलेले बाळ चार-पाच दिवसांनी दूध ओढेनासे होई, जबडा आवळला जाई, अंग ताठ होई आणि आठवड्याच्या आसपास ते दगावे. हा नवजात बाळांचा धनुर्वात होता. कित्येक दशके जन्मलेल्या बाळांपैकी अर्ध्याहून अधिक याच आजाराने गेली. ज्या घरात मूल गेले नाही असे घर शोधावे लागले असते, आणि लोक याला देवाची इच्छा समजत.

पुढे १८६५ ते १८८९ जॉन मॅके हे पाळक होते. त्यांनी शब्बाथाचे पालन इतके कडक केले की रविवारी तासन्‌तास उपासना चालत आणि त्या दिवशी कामाला हात लावणे पाप ठरे. त्यांची निष्ठा खरी होती. पण बाळे मरतच राहिली.

त्यांच्यानंतर आलेल्या अँगस फिडीस यांचा मला फार आदर वाटतो. हे मरण अटळ आहे, असे त्यांनी मानले नाही. ते ग्लासगोला गेले, प्रसूतीच्या वेळी स्वच्छता कशी राखावी, नाळ जंतुविरहित कशी ठेवावी, हे शिकले आणि परत येऊन त्यांनी ही पद्धत बेटावर आणली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीने बाळंतपणे करणाऱ्या वयस्क सुईणींना ही ढवळाढवळ वाटली आणि त्यांनी विरोध केला. फिडीस मागे हटले नाहीत. १८९० च्या दशकात या आजाराने होणारे मृत्यू थांबले.

तोवर उशीर मात्र झाला होता. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला निघून गेले होते, बाळांच्या मृत्यूंमुळे पिढ्या विरळ झाल्या होत्या, आणि पहिल्या महायुद्धानंतर तरुणही बाहेर पडू लागले. दोर धरायला आणि होडी वल्हवायला पुरेसे पुरुष नसले, तर असे गाव चालत नाही. १० मे १९३० रोजी बेटवासीयांनी आपल्याला येथून हलवावे असा अर्ज सरकारकडे केला. २९ ऑगस्टला उरलेले ३६ जण हेअरबेल या जहाजावर चढले. निघण्यापूर्वी घराघरांत बायबल उघडे ठेवले होते, आणि त्याच्याजवळ ओटची छोटीशी रास.